डिझेलची गाळणी बदलताना

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन शेजारी तालुके. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, माळशेज आणि भीमाशंकरचा धुवाधार पाऊस. पूर्वेस जावे तसतसा पाऊस कमी होत जातो आणि वाटेवरचा फुफाटा वाढत जातो. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांवर माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे अशी धरणे झाली आणि ऊस, कांदा, टोमॅटो यांनी हा भाग हिरवा झाला. या हिरवाईमागे बैलांच्या जोडीने आज आणखी एक राबणारा आहे. तो म्हणजे डिझेल इंजिन. शेतात ट्रॅक्टर, उसाच्या रस्त्यावर ट्रॉली आणि नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे क्रेट घेऊन धावणारी पिकअप गाडी, या सर्वांच्या पोटात तेच असते.

अशी गाडी रात्री चढावर धापा टाकू लागली आणि अखेर बंद पडली, तर काय होते? माल पिकलेला असतो, बाजाराची वेळ ठरलेली असते आणि टोमॅटो कोणासाठी थांबत नाही. पुष्कळदा या साऱ्या घोळाचे मूळ मुठीएवढ्या डब्यात असते. तो डबा म्हणजे डिझेलची गाळणी, अर्थात 'डिझेल फिल्टर'. ही गाळणी घरच्या घरी बदलता येते. मात्र त्यासाठी योग्य हत्यारे हवीत आणि प्रत्येक कृती का करायची याची समज हवी. ही समज भौतिकशास्त्रातच आहे. कशी, ते आता पाहू.

गाळणी हवीच कशाला?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला आपल्या इंजिनाचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि १८९७ मध्ये त्याचे इंजिन ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले. या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो.

आता हा फवारा किती असतो, याचा हिशोब करू. समजा, तीन सिलिंडरचा एक ट्रॅक्टर नांगरताना तासाला ५ लिटर डिझेल खातो आणि त्याचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा फवारा मिळतो. म्हणजे मिनिटाला ३ × १००० = ३००० फवारे आणि तासाला १,८०,००० फवारे झाले. ५ लिटर म्हणजे ५००० मिलिलिटर. भागाकार करा. एका फवाऱ्याच्या वाट्याला सुमारे ०.०२८ मिलिलिटर डिझेल येते. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे अर्ध्या थेंबाहून थोडे अधिक डिझेल, सेकंदाला ५० वेळा, अचूक मोजून सोडायचे आहे!

हे काम पंपातील दट्ट्या करतो. दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्यातील फट अवघी दोन ते चार मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा हिस्सादेखील त्या फटीत मुश्किलीने मावेल. अशा जागी मातीचा कठीण कण शिरला तर तो काचकागदासारखा पोलाद घासत राहतो. पंप झिजला की मोजमाप चुकते, धूर वाढतो आणि खर्चही वाढतो. गाळणीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे पंपाच्या दुरुस्तीला मोजावे लागतात.

गाळणीत विशिष्ट प्रक्रिया केलेला कागद असतो. तो पंख्यासारख्या घड्या घालून बसवलेला असतो. घड्या कशासाठी? लहान डब्यात मोठे क्षेत्रफळ मावावे म्हणून. क्षेत्रफळ जितके मोठे, तितका प्रत्येक छिद्रावरचा भार कमी आणि गाळणी तुंबायला लागणारा वेळ अधिक.

तुंबलेली गाळणी कशी ओळखावी?

रक्तवाहिन्यांतील प्रवाहाचा विचार करताना पॉयझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास एक नियम शोधला. बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते, असा तो नियम. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळावा हिस्सा उरतो! कागदातली छिद्रे थोडी जरी बुजली तरी गाडीला अडथळा का जाणवतो, हे यावरून लक्षात येईल.

म्हणूनच तुंबलेल्या गाळणीची खूण ठरलेली आहे. इंजिन नुसते चालू ठेवले तर ठीक चालते, कारण तेव्हा त्याला थोडेच डिझेल लागते. पण चढ लागला किंवा नांगर मातीत उतरला की डिझेलची मागणी कित्येक पट होते. गाळणी तेवढे देऊ शकत नाही आणि इंजिन दम टाकते. दम टाकल्यावर भार काढला की पुन्हा सुरळीत! हे लक्षण दिसले की आधी गाळणीकडे पाहावे. अर्थात गाळणी तुंबेपर्यंत वाट पाहू नये. ट्रॅक्टरचे वय किलोमीटरमध्ये नव्हे तर तासांत मोजतात. किती तासांनी गाळणी बदलायची ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. धुळीच्या भागात ती त्याहून लवकर बदलावी.

आधी सुरक्षितता

'डिझेल काही पेट्रोलसारखे पेटत नाही' असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. द्रवाची वाफ ज्या तापमानाला ज्योत धरू लागते त्याला प्रज्वलनबिंदू म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनबिंदू शून्याखाली ४० अंशांच्या आसपास असतो. डिझेलचा प्रज्वलनबिंदू निदान ३५ अंश असावा, असे आपले भारतीय मानक सांगते. मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या ट्रॅक्टरचा पत्रा याहून कितीतरी अधिक तापतो. तेव्हा काम उघड्यावर, सावलीत आणि इंजिन थंड झाल्यावरच करावे. जवळ चूल, विडी किंवा उघडी ज्योत नसावी आणि वाळूची बादली हाताशी असावी.

पेट्रोलच्या गाडीची गाळणी मात्र घरी उघडू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत दूरच्या चुलीपर्यंत जाते आणि तिथून पेट घेऊन परत येते.

आणखी एक इशारा. १ एप्रिल २०२० पासून 'बीएस सहा' हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारी व पिकअप यांमध्ये डिझेल दर चौरस सेंटिमीटरवर १६०० किलोग्रॅम किंवा त्याहूनही अधिक दाबाने फवारले जाते. अशा गाडीच्या पंपापासून नॉझलकडे जाणाऱ्या पोलादी नळ्या कधीही सैल करू नयेत. एवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. वरून जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. खाली दिलेली कृती जुन्या पद्धतीचा पंप असलेल्या ट्रॅक्टरसाठी आहे. विद्यार्थ्यांनी ती घरातील जाणत्या माणसाच्या सोबतीनेच करावी.

हत्यारे

फार काही लागत नाही. योग्य मापाचे रिंग पाने, गाळणीला विळखा घालणारा पट्ट्याचा पाना, पसरट भांडे, तंतू न सुटणारे स्वच्छ फडके, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाची नवी गाळणी आणि नवे वायसर, एवढे पुरे.

रिंग पानाच का? उघड्या तोंडाचा पाना बोल्टच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना सर्व बाजूंनी धरतो, त्यामुळे बल विभागले जाते आणि बोल्टचे कोपरे गोल होत नाहीत. पान्याची लांबीही कारखान्याने विचारपूर्वक ठरवलेली असते. १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याचे टोक एका फेऱ्यात ९४ सेंटिमीटर अंतर कापते, तर दीड मिलिमीटर आट्याचा स्क्रू तेवढ्यात दीडच मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे बल सुमारे ६२८ पट वाढले! यातले नऊ हिस्से घर्षणात गेले आणि दहावा हिस्सा उरला, असे धरले तरी हाताच्या १० किलोग्रॅम जोराचे स्क्रूवर ६०० किलोग्रॅमहून अधिक होतात. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर करणारा माणूस स्क्रू घट्ट करत नाही, तो स्क्रू तोडतो.

कृती आणि तिच्यामागील कारण

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून ब्रेक लावा, इंजिन बंद करून थंड होऊ द्या.

२. गाळणी आणि तिच्या आजूबाजूचा भाग बाहेरून स्वच्छ पुसा. ही पायरी बहुतेकजण टाळतात. पण गाळणी काढल्यावर बाहेरची धूळ पडते ती गाळलेल्या डिझेलच्या वाटेवर, म्हणजे थेट पंपाच्या तोंडी.

३. टाकीखालची डिझेलची तोटी बंद करा. टाकी गाळणीपेक्षा उंच असते. तोटी उघडी राहिली तर द्रवाच्या स्तंभाच्या दाबाने डिझेल वाहतच राहील.

४. खाली भांडे ठेवा. पट्ट्याच्या पान्याने जुनी गाळणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून काढा.

५. गाळणी जिथे बसते ती जागा पुसा. जुने रबरी कडे वर चिकटून राहिले नाही ना, ते नक्की पाहा. एकावर एक दोन कडी बसली तर गळती किंवा हवा आत येणे ठरलेलेच.

६. नव्या गाळणीच्या रबरी कड्याला स्वच्छ डिझेलचे बोट लावा. कोरडे रबर घर्षणाने पिळवटते, ओले रबर सरकून नीट बसते.

७. नवी गाळणी हातानेच बसवा. कडे टेकल्यावर आणखी किती फिरवायचे ते गाळणीवरच छापलेले असते. बहुधा ते अर्धा ते पाऊण फेरा असते. इथे पाना वापरू नका. गळती थांबते ती रबर योग्य तेवढे दबल्यामुळे. ते चिरडले तर गळती सुरू होते.

नवी गाळणी आधीच डिझेलने भरून बसवावी काय? थोडा विचार करा. अशा गाळणीत डिझेल कडेच्या छिद्रांतून आत येते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या छिद्रातून पंपाकडे जाते. मधल्या छिद्रातून ओतलेले डिझेल न गाळताच पंपात जाईल! म्हणून गाळणी रिकामी बसवावी आणि हातपंपाने भरावी, हे उत्तम.

हवा काढणे

गाळणी बदलली, कळ फिरवली, पण इंजिन चालू होत नाही. मेकॅनिक म्हणतो, 'एअर धरली.' म्हणजे नेमके काय झाले?

एक इंजेक्शनची सिरिंज घ्या, सुई नको. तिच्यात पाणी भरा, सगळी हवा काढा, तोंड अंगठ्याने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आता निम्मे पाणी काढून तिथे हवा घ्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या स्प्रिंगसारखा आत जातो आणि परत येतो. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते.

पंपापासून नॉझलपर्यंतची नळी ६० सेंटिमीटर लांब आणि आतून २ मिलिमीटर रुंद आहे, असे समजा. तिच्यात सुमारे १९०० घन मिलिमीटर जागा आहे. ती सर्व हवेने भरली आणि पंपाने १०० घन मिलिमीटर डिझेल आत ढकलले, तर बॉइलच्या नियमाप्रमाणे हवेचा दाब कसाबसा पाच-सहा टक्के वाढेल. नॉझल उघडायला तर वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाब लागतो! पंप बिचारा राबतो, पण सगळे श्रम हवा दाबण्यात आणि सैल होऊ देण्यात जातात.

म्हणून हवा काढावी लागते. तोटी उघडा, गाळणीवरचा हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करा आणि हातपंप हळूहळू दाबा. आधी फेस येईल, मग बुडबुडे आणि शेवटी अखंड धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळा. धार थांबल्यावर आवळला तर तेवढ्यात हवा पुन्हा आत शिरते. नंतर इंजिन चालू करून पाच-दहा मिनिटे गळती तपासा. आज हवा काढली आणि उद्या पुन्हा 'एअर धरली', तर कुठले तरी वायसर किंवा रबरी नळी हवा खेचते आहे, असे समजावे.

दोष गाळणीचा की कॅनचा?

शेतातला ट्रॅक्टर दर वेळी पेट्रोलपंपावर जात नाही. डिझेल कॅनमधून घरी येते. कॅनचे झाकण धुळीने माखलेले, ओतायला एखादी फाटकी चाळणी, आणि कधी पावसाचे चार थेंब आत गेलेले. घाण आली ती इथूनच. गाळणी ही शेवटची चौकी आहे. पहिली चौकी कॅन हीच.

पाण्याची घनता १ धरली तर डिझेलची साधारण ०.८३ भरते, म्हणून पाणी तळाशी बसते. पण किती वेळात? जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये दिलेल्या नियमाप्रमाणे, द्रवातून खाली बसणाऱ्या सूक्ष्म गोळ्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हिशोब केला तर डिझेलमध्ये १०० मायक्रॉन व्यासाचा पाण्याचा थेंब सेकंदाला सुमारे ०.३ मिलिमीटर खाली सरकतो. ३० सेंटिमीटर खोलीच्या कॅनचा तळ गाठायला त्याला सुमारे १७ मिनिटे लागतात. थेंब १० मायक्रॉनचा असेल तर वेग शंभरावा हिस्सा होतो आणि त्याला २८ तास लागतात! म्हणूनच कॅन आणल्याबरोबर हिसळत टाकीत ओतू नये. तो एक दिवस-रात्र स्थिर ठेवावा, वरचे डिझेल अलगद काढावे आणि तळाचे दोन बोटे डिझेल मागे ठेवावे.

टाकी अर्धी रिकामी ठेवली तर आणखी एक गंमत होते. दिवसा आत आलेल्या दमट हवेतील बाष्प रात्रीच्या थंडीत टाकीच्या पत्र्यावर दव होऊन साचते. समजा, टाकीत ४० लिटर जागा रिकामी आहे, दुपारी ३० अंश तापमान व ६० टक्के आर्द्रता आहे आणि रात्री पारा १५ अंशांवर आला. तर सुमारे ०.२ ग्रॅम, म्हणजे चारच थेंब पाणी सुटेल. पण असे चार थेंब रोज साचले तर हंगामात वाटीच्या तळाला पाणी दिसेल. या पाण्याने लोखंड गंजते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवही वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर गाळणी बुजवतो. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी आणि गाळणीखालच्या वाटीतील पाणी अधूनमधून सोडावे.

उरलेल्या डिझेलचे काय?

भांड्यात जमलेले डिझेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. अवघे ५० मिलिलिटर डिझेल पाण्यावर एक मायक्रॉन जाडीच्या थराने पसरले तर ते ५० चौरस मीटर व्यापते. आठ मीटर व्यासाच्या विहिरीचा पृष्ठभाग साधारण तेवढाच असतो. म्हणजे अर्धी वाटी डिझेलने अख्खी विहीर झाकली जाते! ते बंद डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. जुनी गाळणीही निथळून तिथेच द्यावी.

थोडे आकाशाकडे

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे आपण आरंभी पाहिले. ठिणगी उडते तेव्हा थोड्या रेडिओलहरीही बाहेर पडतात. म्हणून अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणींच्या जवळ पेट्रोलच्या गाड्या नेऊ देत नाहीत, डिझेलच्याच गाड्या वापरतात. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. लाखो प्रकाशवर्षांवरून आलेल्या क्षीण लहरी ती टिपते. तिच्यासारख्या यंत्राच्या दृष्टीने मोटारसायकलची ठिणगी म्हणजे कानाजवळ वाजणारा ढोलच! २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनास गेलात, तर तेथील शास्त्रज्ञांना याविषयी जरूर विचारा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सिरिंजचा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत होतो. स्टोक्सच्या नियमासाठी डिझेल नको. बाटलीत गोडेतेल आणि रंगीत पाणी घालून जोराने हलवा आणि मोठे थेंब आधी बसतात की लहान, ते मुलांना घड्याळ लावून पाहू द्या. नंतर मुलांना एकच घरचा अभ्यास द्या. आपल्या घरचा डिझेलचा कॅन एक दिवस-रात्र स्थिर ठेवायचा आणि मोठ्या माणसाच्या हातून तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाहायचे. तळाशी काय दिसले ते वहीत लिहायचे. ज्या घरच्या बाटलीत पाणी आणि गाळ दिसेल, त्या घरी त्या संध्याकाळी कॅन धुतला जाईल. पुढच्या हंगामात त्या घरची टोमॅटोची गाडी रात्री घाटात अडकण्याची शक्यता तेवढी कमी होईल.